चिपाडाची वीज, डिझेलची वीज आणि हिशोबाची गंमत

मॉरिशस आणि मालदीव ही नावं आपल्याकडे हनिमून पॅकेजच्या जाहिरातीतच शेजारी शेजारी दिसतात, पण मला दोघांची तुलना करावीशी वाटली ती वीजबिलासाठी, म्हणजे वीज बनवताना कोण किती धूर सोडतं यासाठी. दोघेही हिंदी महासागरातले, दोघांकडेही स्वतःचं तेल नाही की कोळसा नाही, सगळं जहाजाने येतं.

मॉरिशसची लोकसंख्या साडेबारा लाखाच्या आसपास आणि इंधन जाळून निघणारा कार्बन डायऑक्साइड वर्षाला साधारण 40 लाख टन. मालदीवमध्ये लोक पाच लाखांच्या थोडे वर, धूर त्याच्या निम्म्यापर्यंत. माणशी भागलं तर दोन्हीकडे तीन-चार टन येतात, आपल्या भारताचे साधारण दोन. आता यावरून दोघं सारखेच म्हणून मोकळे झालात तर फसाल.

मॉरिशसमध्ये ऊस आहे, आणि तो लावायला, तोडायला 19व्या शतकात भारतातून जे मजूर नेले त्यात कोकणातली मराठी माणसंही होती. कारखान्यात ऊस पिळून उरलेलं चिपाड जाळून वाफ करायची आणि वाफेवर टर्बाइन फिरवायचं, आपल्याकडे साखर कारखान्यांच्या को-जनमध्ये, म्हणजे साखरेबरोबर वीज बनवण्याच्या प्रकल्पात, चालतं तेच. खरी गोष्ट पुढे आहे. गळीत हंगाम जून-जुलैपासून डिसेंबरपर्यंत, चिपाड ओलं असतं, जागा खूप खातं, वर्षभर साठवणं कठीण, मग उरलेल्या महिन्यांत त्याच बॉयलरमध्ये काय टाकायचं तर कोळसा! म्हणजे एकच चिमणी सहा महिने हिरवी आणि सहा महिने काळी. आणि काळी म्हणजे चांगलीच काळी, कोळशावर बनवलेल्या विजेच्या एका युनिटमागे अंदाजे एक किलो कार्बन डायऑक्साइड जातो, डिझेल जनरेटरच्या युनिटमागे पाऊण किलोच्या आसपास. त्यात युरोपने 2006 ते 2009 मध्ये साखरेचा हमीभाव 36 टक्क्यांनी उतरवला, शेतकऱ्यांनी ऊस कमी केला, चिपाड घटलं आणि वाढत्या मागणीची पोकळी कोळसा आणि फर्नेस ऑइल, म्हणजे जड इंधन तेल, यांनी भरली. साखरेच्या भावाचा धुराशी असा संबंध असेल हे मला तरी आधी सुचलं नसतं.

चिपाडाच्या धुराचं काय? त्यातला कार्बन डायऑक्साइड देशाच्या उत्सर्जनाच्या हिशोबात एनर्जीच्या खात्यात शून्य धरतात, कारण उसाने वाढताना तो कार्बन हवेतूनच घेतलेला असतो. त्या धुरातले हवा तापवणारे दुसरे वायू, मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड, मात्र मोजतात, ते थोडेच असतात.

मालदीवमध्ये ऊसही नाही, नदीही नाही, जमीन सगळी मिळून 300 चौरस किमी पण नाही आणि ती सुमारे 1,200 बेटांत विखुरलेली. एक मोठं पॉवर स्टेशन बांधून तारा ओढू म्हणाल तर मध्ये समुद्र, म्हणून वस्ती असलेल्या जवळजवळ 190 बेटांवर आपापले डिझेल जनरेटर, आणि रिसॉर्टवाल्यांचे वेगळे. पिण्याचं पाणीसुद्धा बऱ्याच ठिकाणी समुद्राचं पाणी गोडं करून, म्हणजे नळ सोडला तरी डिझेल जळतं. सोलर लावायला जागा म्हणजे घरांची छपरं. 2009 मध्ये राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद यांनी पाण्याखाली मंत्रिमंडळाची बैठक घेतली, दहा वर्षांत कार्बन न्यूट्रल, म्हणजे कार्बनचा निव्वळ हिशोब शून्य, होऊ असंही जाहीर केलं होतं, ते काही झालं नाही. जनरेटर अजून धडधडतायत.

आणि त्या माणशी आकड्यात पण गोम आहे. 2024 मध्ये मालदीवला 20 लाखांवर पर्यटक आले, त्यांचे एसी, स्पीडबोटी सगळ्याचा धूर भागला जातो पाच लाख रहिवाशांत! उलट ज्या विमानाने पाहुणे आले त्याचं इंधन? मुंबईहून मालदीवची राजधानी मालेला जाताना टाकीत भरलेलं इंधन आंतरराष्ट्रीय म्हणून बाजूला लिहितात, ते ना भारताच्या एकूण बेरजेत धरतात ना मालदीवच्या.