‘आर’ म्हणजे ‘ए’ नव्हे

न्यू जर्सीत वाढलेला पंधरा वर्षांचा पुतण्या सुट्टीत पुण्याला येतो, चुलत भावंडं गोळा करतो आणि ओटीटीवर एक स्लॅशर, म्हणजे एकेकाला सुऱ्याने गाठणाऱ्या खुन्याचा भयपट, लावायला निघतो. अडवलं तर म्हणतो, ‘‘काका, हा मी बाबांबरोबर थिएटरात पाहिलाय. तिकडे नुसता आर आहे.’’ काका मनातल्या मनात हिशेब करतात: तिकडचं ‘आर’ रेटिंग म्हणजे आपलं फक्त प्रौढांसाठीचं ‘ए’ सर्टिफिकेट. मग एक तर अमेरिकेतल्या भावाला नावं ठेवतात, नाही तर ‘तिकडे चालतं तर इकडे काय’ म्हणून रिमोट देऊन टाकतात. मुळात हिशेबच चुकलेला असतो.

‘आर’ १७ वर्षांखालच्या मुलाला बंदी करत नाही. बरोबर आईबाप किंवा पालक म्हणून कुणी मोठं माणूस हवं, एवढंच त्याचं म्हणणं. बाप सोबत असेल तर नियमाच्या शब्दाप्रमाणे आठ वर्षांचं पोरही आत जाऊ शकतं. ‘ए’ला मात्र १८ पूर्ण लागतात. आई सोबत असो की आजी, फरक पडत नाही. दारावर वय विचारलं की विषय संपला. त्यामुळे दारापुरतं बोलायचं तर आपल्या ‘ए’चा अमेरिकेतला भाऊबंद ‘आर’ नसून ‘एनसी-१७’ आहे. ते १९९० पासून आहे आणि तिथेही १७ किंवा त्याखालच्या कुणालाच प्रवेश नाही.

मग ‘आर’च्या जवळचं आपल्याकडे काय? नवं ‘यूए १६+’. २०२३ च्या कायदादुरुस्तीने जुन्या यूएचे (पालकांच्या मार्गदर्शनाने मुलांनी पाहायच्या सिनेमाच्या सर्टिफिकेटचे) ७+, १३+ आणि १६+ असे तुकडे झाले, २०२४ साली त्याचे नियम आले. गंमत म्हणजे हे ‘आर’पेक्षाही मवाळ आहे. तो आकडा फक्त पालकांच्या माहितीसाठी असल्याचं कायदाच सांगतो. पालकांखेरीज दुसऱ्या कुणी त्याची सक्ती करायची नाही, त्यामुळे यूएच्या खेळाला दारावरचा माणूस चौदा वर्षांच्या मुलाला परत पाठवू शकत नाही.

गोंधळ होतो तो इथे. दाराच्या बाबतीत ‘आर’ यूएसारखं वागतं, पण पडद्यावरच्या ऐवजाच्या बाबतीत अनेकदा ‘ए’सारखं असतं. पुतण्या दाराबद्दल बोलत असतो आणि काका रक्ताबद्दल.

दोन्हींचा उगमही निराळा. आपलं सर्टिफिकेट १९५२ च्या कायद्यातलं आहे, ते नसेल तर सिनेमा थिएटरात लागत नाही. अमेरिकेतलं रेटिंग सरकारचं नाही. चित्रपट उद्योगाच्या संघटनेने ते १९६८ साली सुरू केलं. ते ठरवायला आईबापच बसतात, आणि नेमणुकीच्या वेळी त्यांची मुलं ५ ते १५ वयाची असावी लागतात. निर्मात्याला नको असेल तर तो रेटिंग न घेताही सिनेमा लावतो. ‘टेरिफायर ३’ (२०२४) अमेरिकेत तसाच लागला, फ्रान्सने मात्र १८ खालच्यांना तो पाहायला बंदी घातली. म्हणजे अमेरिकन सिनेमावर कुठलंच अक्षर नाही, हे पाहून निर्धास्त होऊ नका.

शिवाय अक्षर कशामुळे लागलं, हे अक्षर सांगत नाही. ‘द किंग्ज स्पीच’ (२०१०) हा तोतऱ्या राजाचा सभ्य सिनेमा, पण शिव्यांच्या सरबत्तीपायी अमेरिकेत ‘आर’. जॉन कार्पेंटरचा ‘हॅलोविन’ (१९७८) हाही ‘आर’, आणि त्यात रक्त शोधावं लागतं. तिथे भीती आहे ती झुडपाआडच्या मुखवट्याची आणि पार्श्वसंगीतातल्या त्या पियानोची. त्याची नायिका हायस्कूलमधली. आपल्या ‘ए’चा नियम लावला तर तिला स्वतःचाच सिनेमा पाहता यायचा नाही! उलट ‘हॅपी डेथ डे’ (२०१७) मध्ये एकाच मुलीचा पुनःपुन्हा खून होतो, तरी तो ‘पीजी-१३’ (म्हणजे ‘आर’पेक्षा एक पायरी सौम्य), कारण सुरा लागण्याच्या क्षणी कॅमेरा बहुतेकदा दुसरीकडे वळतो. म्हणून अक्षराखालची, कारण सांगणारी ओळ वाचावी. ‘रक्तरंजित हिंसा’ आणि ‘बीभत्स दृश्यं’ यांत बराच फरक आहे.

ओटीटीवर आणखी एक वळसा आहे. तिथला यू/ए १६+ किंवा ए हा शिक्का सेन्सॉर बोर्डाचा नसतो. २०२१ च्या नियमांप्रमाणे प्लॅटफॉर्म तो स्वतःच ठरवतो आणि हिंसा, भाषा, नग्नता यांचा उल्लेख सुरुवातीला दाखवतो. यू/ए १३+ पासून वर पालकांसाठी कुलूप द्यावं लागतं, पण ते लावायचं काम घरच्यांचं. आणि ‘अरे, हा मी टीव्हीवर पाहिलाय, काही नाही त्यात’ या वाक्यावर तर मुळीच विसंबू नये. ‘ए’ सर्टिफिकेटचा सिनेमा तसाच्या तसा टीव्हीवर दाखवता येत नाही. तुम्ही पाहिलात तो कापूनकुपून सौम्य केलेला असणार.

माझं विचाराल तर पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांबाबत मला रक्ताची तेवढी धास्ती नाही. ते लाल पाणी आहे हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं, मेकअप कसा केला तेही ती शोधून बघतात. मला खटकते ती स्लॅशरची जुनी खोड: प्रियकराबरोबर एकांतात गेलेली मुलगी आधी मरते, आणि तिच्या मरणावर कॅमेरा जरा जास्तच रेंगाळतो. ते पाहताना शेजारी बसून ‘हिलाच का मारली रे?’ एवढं विचारलं तरी पोरं बोलायला लागतात. भीती वाट पाहायला लावण्यातून येत असेल, तर सिनेमा मी दाखवीन. सगळी मजा माणूस चिरण्यातच असेल, तर सतरा वर्षांच्यालाही नाही म्हणेन, मग अक्षर कुठलंही असो.

आणि त्या सुट्टीतल्या दुपारी प्रश्न पुतण्याचा नसतोच. सोफ्याच्या टोकाला उशी पोटाशी धरून अकरा वर्षांची धाकटी बसलेली असते, दादाने हाकलू नये म्हणून अगदी गप्प. पुतण्याला मी हो म्हणेन, पण ती झोपल्यावर लाव म्हणून सांगेन.