आन्टोन ब्रुकनर : मास्तरकी आणि ऑर्गन

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ऑस्ट्रियातील खेड्यांत शाळेचा मास्तर आणि चर्चमधील ऑर्गन (नळ्यांतून हवा सोडून वाजणारे पट्ट्यांचे मोठे वाद्य) वाजवणारा ही बहुधा एकच असामी असे. संगीतकार आन्टोन ब्रुकनर यांचा जन्म ४ सप्टेंबर १८२४ रोजी आन्सफेल्डेन गावी अशाच घरात झाला. आजोबा आणि वडील दोघेही तेथे मास्तर होते. १८३७ मध्ये वडील वारल्यावर आईने त्यांना जवळच्या सांक्ट फ्लोरियान मठात गायकवृंदात ठेवले. पुढे लिन्झमध्ये अध्यापनाचे प्रशिक्षण घेऊन १८४१ मध्ये ते विंडहागला साहाय्यक शिक्षक झाले. तेथे शिकवण्याबरोबरच चर्चची घंटा वाजवणे आणि शेतात राबणे हेही त्यांच्याच गळ्यात पडले होते. म्हणजे मास्तर कसला, बिनबोभाट राबणारा गडीच!

१८४५ मध्ये ते शिक्षक म्हणून सांक्ट फ्लोरियानला परतले आणि तेथील भव्य ऑर्गनवर त्यांचा हात बसला. १८५५ च्या अखेरीस त्यांना लिन्झच्या कॅथीड्रलमध्ये ऑर्गनवादकाची जागा मिळाली, तेव्हा कुठे शाळा सुटली. पण मास्तरकी सुटली तरी विद्यार्थीपण सुटले नाही. त्याच सुमारास त्यांनी व्हिएन्नातील संगीतशिक्षक सिमोन झेख्टर यांच्याकडे हार्मनी (एकत्र वाजणाऱ्या स्वरांची संगती) आणि काउंटरपॉइंटचे (एकाच वेळी चालणाऱ्या स्वतंत्र सुरावटींच्या गुंफणीचे) धडे घ्यायला सुरुवात केली. शिक्षण संपेपर्यंत स्वतंत्र रचना करायची नाही, अशी झेख्टर यांची अट होती, आणि तिशी ओलांडलेल्या या माणसाने ती १८६१ पर्यंत निमूटपणे पाळली. या शिस्तीवाचून पुढच्या सिंफनींची, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या दीर्घ रचनांची, भक्कम बांधणी शक्य झाली नसती, असे वाटते.

झेख्टर यांच्या निधनानंतर १८६८ मध्ये व्हिएन्ना कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे तेथील संगीत विद्यालयात, त्यांचीच अध्यापकाची जागा ब्रुकनर यांच्याकडे आली. १८६९ मध्ये पॅरिसमध्ये आणि १८७१ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांनी केलेल्या उत्स्फूर्त ऑर्गनवादनाने श्रोते भारावले. पण ऑर्गनसाठी लिहिलेले त्यांचे संगीत मात्र मोजकेच आहे. व्हिएन्ना विद्यापीठातील त्यांच्या नेमणुकीला समीक्षक एडुआर्ड हान्सलिक यांनी विरोध केला, तरी १८७५ मध्ये ती झाली. संगीतकार म्हणून खरे यश मिळाले ते १८८४ मध्ये, सातवी सिंफनी लाइपझिगमध्ये वाजली तेव्हा. त्या वेळी त्यांनी साठी गाठली होती.

फ्रान्झ शाल्क आणि फर्डिनान्ड ल्योवे या शिष्यांनी गुरूच्या सिंफनी लोकांपुढे आणण्यासाठी जिवाचे रान केले, पण छापताना त्यांत काटछाट आणि फेरबदलही केले. १८९६ मध्ये ब्रुकनर यांचे निधन झाले. मूळ हस्तलिखितांवर आधारलेल्या आवृत्त्या मात्र १९३० च्या दशकात निघू लागल्या.