स्टफिंग : जहाजाच्या पोटातून किनाऱ्यावर आलेले काम

रिकाम्या कंटेनरमध्ये माल रचायचा, तो हलू नये म्हणून बांधायचा आणि दारे लावून सील मारायचे, या सगळ्याला निर्यातीच्या धंद्यात स्टफिंग म्हणतात. माल उतरवणे म्हणजे डी-स्टफिंग.

पूर्वी पोती, पेट्या आणि पिंपे गोदी कामगार थेट जहाजाच्या पोटात रचत. वजन कुठे किती पडते यावर जहाजावरच्या अधिकाऱ्याची नजर असे. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकी वाहतूक व्यावसायिक माल्कम मॅक्लीन यांचे ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ कंटेनर घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले. पुढे कंटेनरचा वापर वाढला, तसे हे काम किनाऱ्यावर सरकले. आपल्याकडे न्हावा शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. आता कंटेनर कारखान्यात आणून भरला तर फॅक्टरी स्टफिंग. माल ट्रकने सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनर फ्रेट स्टेशन या बंदराशी जोडलेल्या माल हाताळणी केंद्रात, नेऊन, कस्टम्सची मंजुरी मिळाल्यावर तिथे भरला तर डॉक स्टफिंग. अनेक निर्यातदारांचा थोडा थोडा माल एकाच कंटेनरमध्ये जायचा असेल, तर डॉक स्टफिंगच सोयीचे.

या बदलात एक गोष्ट हातची गेली. कंटेनरच्या आत काय आणि किती आहे, हे जहाजावर कोणालाच दिसेना. जानेवारी २००७ मध्ये ‘एमएससी नेपोली’ हे कंटेनर जहाज इंग्लिश खाडीत संकटात सापडले. नंतर त्याच्या डेकवरचे सुमारे ६६० कंटेनर तपासले, तेव्हा जवळपास २० टक्क्यांचे वजन कागदावरच्या आकड्यापेक्षा तीन टनांहून जास्त फरकाचे निघाले. १ जुलै २०१६ पासून व्हीजीएम, म्हणजे भरलेल्या कंटेनरचे पडताळलेले वजन, सक्तीचे झाले. त्याच्याशिवाय कंटेनर जहाजावर चढत नाही. एक तर अख्खा भरलेला कंटेनर काट्यावर तोलायचा, नाहीतर माल, पॅकिंग, पॅलेट (माल रचायचे फळके) आणि डनेज (माल हलू नये म्हणून घातलेल्या लाकडी फळ्या वगैरे) यांच्या वजनात दारावर लिहिलेले रिकामे वजन मिळवायचे. लाकडी फळ्यांचे वजन धरायला विसरणे ही यातली नेहमीची चूक.

पण वजन बरोबर असले म्हणजे रचना बरोबर असतेच असे नाही. वीस फुटी कंटेनरमध्ये सुमारे ३३ घनमीटर जागा असते. फरशी किंवा लोखंडी सुटे भाग भरताना जागा उरते, वजनाची मर्यादा मात्र आधी गाठली जाते. अशा वेळी सगळा माल आतल्या भिंतीशी लोटून दाराकडची बाजू मोकळी ठेवतात, आणि ट्रेलर वळणावर कलंडण्याची भीती निर्माण होते. भार पूर्ण लांबीवर पसरावा आणि मधल्या फटी हवेने फुगवलेल्या एअर बॅगने किंवा लाकडाने भराव्यात. ओले पॅलेट वापरू नयेत, कारण रात्री थंड झालेल्या छतावर त्यांच्याच वाफेचे पाणी होऊन मालावर ठिबकते. दाराजवळच्या शेवटच्या रांगेला पट्टे बांधावेत. नाहीतर डी-स्टफिंगला दार उघडणाऱ्या कामगाराच्या अंगावर पेट्या येतात.