लॉर्ड मॅन्सफील्ड यांचे मुद्राचित्र आणि त्याखालची बारीक ओळ

लंडनमध्ये १७८६ साली लॉर्ड मॅन्सफील्ड यांचे एक मुद्राचित्र, म्हणजे कोरलेल्या पत्र्यावरून छापलेले चित्र, निघाले. मूळ तैलचित्र सर जोशुआ रेनॉल्ड्स यांनी आदल्या वर्षी रंगवलेले, आणि तांब्याच्या पत्र्यावर ते कोरणारे फ्रान्चेस्को बार्तोलोत्सी, जन्माने फ्लॉरेन्सचे, लंडनला येऊन नाव कमावलेले. मॅन्सफील्ड तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. किंग्ज बेंच या इंग्लंडच्या वरिष्ठ न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होऊन त्यांना तीस वर्षे झाली होती.

अशा चित्रात सगळे लक्ष चेहऱ्याकडे जाते. मी मात्र आधी खालची पट्टी वाचायला सांगेन. त्या काळच्या इंग्लिश मुद्राचित्रांत डावीकडे चित्रकाराचे नाव असते, उजवीकडे कोरणाऱ्याचे, आणि त्याखाली बारीक अक्षरांत प्रकाशकाचे नाव व प्रसिद्धीची तारीख. ही तारीख कायद्याने आणली. एखाद्याने महिनोन्‌महिने खपून पत्रा कोरावा आणि दुसऱ्याने आठवड्याभरात त्याची स्वस्त नक्कल बाजारात आणावी, असा तेव्हा प्रकार होता. विल्यम होगार्थ आणि इतर चित्रकारांनी पार्लमेंटकडे दाद मागितली. १७३५ पासून लागू झालेल्या कायद्याने चित्राला चौदा वर्षांचे संरक्षण दिले. त्यासाठी पत्र्यावर मालकाचे नाव आणि तारीख कोरणे आवश्यक होते. १७६७ मध्ये ही मुदत अठ्ठावीस वर्षांवर गेली, आणि दुसऱ्याच्या चित्रावरून कोरलेली मुद्राचित्रेही कायद्याच्या छत्राखाली आली. मूळ तैलचित्र एकाचे आणि कोरीवकाम दुसऱ्याचे अशा व्यक्तिचित्रांना याचाच आधार होता.

न्यायाधीशांची चित्रे विकत कोण घेई? वकील तर घेतच. पण १७६९ मध्ये जेम्स ग्रेंजर या पाद्र्याने इंग्लंडचा चरित्रकोश काढला आणि त्यात माणसांची मांडणी त्यांच्या छापील चित्रांच्या आधारे केली. झगाधारी म्हणजे चॅन्सेलर (राज्याचे सर्वोच्च न्यायाधिकारी), न्यायाधीश आणि वकील यांना त्यात स्वतःचा वर्ग मिळाला. मग हौशी लोक एकेक वर्ग पुरा करण्याच्या मागे लागले. जुन्या ग्रंथांतली चित्रे कापून काढून ग्रेंजरच्या कोशाच्या आपल्या प्रतीत चिकटवण्याचे वेड पसरले. कितीतरी चांगले ग्रंथ त्यात विद्रूप झाले, याची हळहळ वाटतेच. पण सुटी पाने जपली गेली तीही याच वेडामुळे.

मॅन्सफील्ड म्हणजे विल्यम मरे. जन्म १७०५, स्कॉटलंडमधल्या स्कोन इथे. १७५६ मध्ये मुख्य न्यायाधीश झाल्यावर त्यांनी व्यापारी कायद्याला घडी घालून दिली. विमा उतरवणाऱ्याने स्वतःला माहीत असलेली महत्त्वाची गोष्ट लपवू नये, हे तत्त्व त्यांनी १७६६ मध्ये सुमात्रातील एका किल्ल्याच्या विम्यावरून मांडले. आज आपल्याकडेही विमा घेताना आपण त्याच तत्त्वाखाली सही करतो. जेम्स सॉमरसेट या गुलामाला जबरदस्तीने जहाजावर चढवून जमैकाला विकायला नेता येणार नाही, हा निकाल २२ जून १७७२ चा. या निकालाने इंग्लंडमधली गुलामी संपली असे अनेकदा लिहिले जाते, पण तो तेवढा व्यापक नव्हता. मालकाला गुलामाला बळाने देशाबाहेर नेता येणार नाही, एवढेच त्यात होते. त्यांच्याच घरी वाढलेली भाच्याची मुलगी डायडो बेल हिची आई गुलाम होती. मृत्युपत्रात त्यांनी डायडोच्या स्वातंत्र्याची वेगळी नोंद केली. नुसत्या निकालावर तिला ठेवावे असे त्यांना वाटले नसावे, असे माझे मत.

आता त्या बारीक ओळीकडे परत येतो. रेनॉल्ड्सनी चित्र रंगवले त्याच वर्षी, १७८५ मध्ये, मॅन्सफील्ड यांच्यापुढे सागरी नकाशांचा खटला आला. कोरीव नकाशांनाही मुद्राचित्रांच्याच कायद्याचे संरक्षण होते. एकाने दुसऱ्याच्या नकाशांचा आधार घेतला होता, पण चुका दुरुस्त करून, आखणी बदलून. मॅन्सफील्ड यांनी ज्यूरीला दोन टोके दाखवली: ज्याने कष्ट केले त्याचे फळ हिरावले जाऊ नये, आणि नकलेच्या भीतीने सुधारणेची वाटही अडू नये. ज्यूरीने सुधारणा करणाऱ्याच्या बाजूने कौल दिला. जहाज खडकावर आपटू नये म्हणून नकाशा दुरुस्त करणे ही चोरी कशी, हा प्रश्न मला आजही ताजा वाटतो.

आपल्याशी त्यांचा संबंध याहून जुना. १७४४ मध्ये, सॉलिसिटर जनरल असताना, ओमिचंद नावाच्या कलकत्त्याच्या व्यापाऱ्याच्या बाजूने ते उभे राहिले. हिंदू साक्षीदारांनी कलकत्त्यात आपल्या रीतीने, ब्राह्मणाला स्पर्श करून शपथ घेतली होती. ख्रिस्ती नसलेल्याची शपथ इंग्लिश न्यायालयाने मानावी का, हा वाद होता. तेव्हाचे चॅन्सेलर लॉर्ड हार्डविक यांनी ती साक्ष मान्य केली. एवढ्या जुन्या निवाड्यात आपल्या माणसांची शपथ त्यांच्याच रीतीने ग्राह्य धरली गेली, ही गोष्ट कायद्याच्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी अशी आहे.

चित्रातल्या चेहऱ्यामागे आणखी एक रात्र आहे. जून १७८० च्या गॉर्डन दंगलीत, म्हणजे लॉर्ड जॉर्ज गॉर्डनच्या चळवळीतून लंडनमध्ये उसळलेल्या कॅथलिकविरोधी दंगलीत, जमावाने त्यांचे ब्लूम्सबरी चौकातले घर पेटवले, आणि ग्रंथसंग्रह व हस्तलिखिते जळाली. पुढच्याच वर्षी लॉर्ड जॉर्ज गॉर्डनचा खटला त्यांच्यासमोर चालला आणि ज्यूरीने गॉर्डनला निर्दोष सोडले. रेनॉल्ड्सनी चित्र हुबेहूब झाले का असे विचारले, तेव्हा मॅन्सफील्ड म्हणाले की तीस वर्षांत आपण आरशात पाहिलेलेच नाही, असा किस्सा सांगतात. १७८८ मध्ये ते निवृत्त झाले आणि १७९३ मध्ये वारले. तेरा वर्षांचे असताना शिक्षणासाठी त्यांनी स्कोन सोडले होते. रेनॉल्ड्सचे तैलचित्र आज तिथेच आहे.