चादरीचा रंग कोणत्या बंधावर टिकतो?

सोलापुरात चादर घेताना गिऱ्हाईक हमखास विचारतं, "रंग जाणार नाही ना?" दुकानदार "गॅरंटी आहे" म्हणत पुढची घडी उलगडतो. या प्रश्नाचं खरं उत्तर मात्र अणूंच्या बाहेरच्या कवचातल्या इलेक्ट्रॉनांकडे आहे, आणि ते फार सुंदर आहे.

कार्बनकडे सहा इलेक्ट्रॉन असतात: दोन आतल्या कवचात, चार बाहेरच्या. बाहेरचं कवच आठांनी भरतं. चार इलेक्ट्रॉन देऊन टाकणं किंवा चार मिळवणं, दोन्हीला फार ऊर्जा लागते. म्हणून कार्बन शेजारच्या अणूबरोबर इलेक्ट्रॉनची जोडी सामाईक ठेवतो. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ मध्ये मांडलेला हाच सहसंयुज बंध. मिठात तसं नसतं. तिथे सोडियमचा इलेक्ट्रॉन क्लोरिनकडे जातो आणि विरुद्ध भारांचे आयन, म्हणजे भारित अणू, एकमेकांना धरून राहतात. हा आयनी बंध.

कापसाचं सूत म्हणजे मुख्यतः सेल्युलोज, ग्लुकोजच्या कड्यांची लांबच लांब साखळी. साखळीतल्या प्रत्येक कड्यावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या तीन जोड्या असतात. त्यांतला ऑक्सिजन सामाईक इलेक्ट्रॉन स्वतःकडे जास्त ओढतो (त्याची विद्युतऋणता, म्हणजे इलेक्ट्रॉन ओढण्याची ताकद, ३.४४, हायड्रोजनची २.२०), त्यामुळे हायड्रोजनवर थोडा धनभार येतो. पाण्याचे रेणूही असेच असल्याने ते या जोड्यांना हायड्रोजन बंधाने चिकटतात. आपला टेरी टॉवेल अंग इतकं छान टिपतो, त्यामागे हेच आहे. हा बंध सहसंयुज बंधापेक्षा कितीतरी दुबळा. टॉवेल उन्हात वाळत घातला की पाणी निघून जातं.

सुतासाठी वापरल्या जाणाऱ्या काही रंगांचे रेणू लांबट आणि चपटे असतात. ते धाग्याला हायड्रोजन बंध आणि त्याहून क्षीण आकर्षणांनीच धरून राहतात. असा रंग दर धुण्याला थोडा थोडा उतरतो.

१९५६ मध्ये बाजारात आलेल्या रिॲक्टिव्ह रंगांनी हे चित्र बदललं. त्यांच्या एका प्रकारात नायट्रोजन आणि कार्बनचं षटकोनी कडं असतं आणि त्यातल्या कार्बनला क्लोरिन जोडलेला असतो. नायट्रोजन आणि क्लोरिन दोघेही इलेक्ट्रॉन ओढून घेत असल्याने तो कार्बन इलेक्ट्रॉनच्या बाबतीत उपाशी राहतो. रंगाच्या टाकीत आधी मीठ पडतं. पाण्यात सुतावर आणि रंगाच्या रेणूवर, दोन्हींवर ऋणभार असतो; सोडियमचे आयन त्यांच्यातलं प्रतिकर्षण कमी करतात आणि रंग सुताजवळ जातो. मग धुण्याचा सोडा घातला की सेल्युलोजच्या काही ऑक्सिजनांवरचा हायड्रोजन आयन निघून जातो. उरलेला ऋणभारित ऑक्सिजन त्या उपाशी कार्बनला इलेक्ट्रॉनची जोडी देतो, क्लोरिन बाहेर पडतो, आणि रंग व धागा मिळून एकच रेणू होतो. एकाच टाकीत आयनी, हायड्रोजन आणि सहसंयुज असे तिन्ही बंध! पाठ्यपुस्तकातल्या धड्यापेक्षा रंगाईची टाकी दाखवली तर मुलांना हा भाग जास्त लवकर कळेल, असं मला मनापासून वाटतं.

मग अशा पक्क्या रंगाच्या चादरीचंही पहिल्या धुण्यातलं पाणी रंगीत का होतं? कारण टाकीत पाणीही त्याच कार्बनवर चालून जातं. ज्या रेणूंना धाग्याऐवजी पाणी भेटतं, त्यांची जोडणीची जागा कायमची संपते. ते सुतात नुसते अडकून राहतात. रंगाईनंतर गरम पाण्यात साबणाने नीट धुतलं नाही, तर ते आपल्या बादलीत उतरतात. म्हणजे बादलीतला तो रंग मुळात बांधलेलाच नव्हता. नवी चादर मिठाच्या पाण्यात भिजवायचा सल्ला घरोघरी मिळतो, पण मिठाने हे रेणू पुन्हा जोडले जात नाहीत. दोन-तीनदा वेगळी धुवावी, एवढंच.

ब्लीचचं मात्र वेगळं आहे. पुष्कळ रंगांत दोन नायट्रोजनमधला दुहेरी बंध आणि त्याच्या बाजूची कडी मिळून इलेक्ट्रॉन दूरवर पसरलेले असतात. म्हणूनच ते रेणू दृश्य प्रकाशातला काही भाग शोषतात आणि आपल्याला रंग दिसतो. ब्लीच नेमकी ही सलग रचना तोडतं. धाग्याशी असलेला बंध शाबूत असला तरी रंग नाहीसा होतो.