दक्षिण कोरिया–अमेरिका संरक्षण युती

उत्तर कोरियाच्या आक्रमणापासून दक्षिण कोरियाचे रक्षण करण्यासाठी उभी राहिलेली लष्करी युती. १ ऑक्टोबर १९५३ रोजी वॉशिंग्टनमध्ये झालेला परस्पर संरक्षण करार हा तिचा पाया. त्याआधी २७ जुलैला झालेला कोरियन युद्धातील युद्धविराम दक्षिणेचे अध्यक्ष सिंगमन री यांना मुळीच मान्य नव्हता. जूनमध्येच हजारो युद्धकैदी परस्पर सोडून देऊन त्यांनी वाटाघाटींत खोडा घातला होता. करार ही त्यांचा विरोध शमवण्यासाठी अमेरिकेने मोजलेली किंमत.

करार वाटतो तितका पक्का नाही. हल्ला झाल्यास प्रत्येक देश ‘आपल्या घटनात्मक प्रक्रियेनुसार’ पाऊल उचलेल, एवढेच कलम ३ सांगते. खरी भिस्त तेथे तळ ठोकून असलेल्या सुमारे २८,५०० अमेरिकी सैनिकांवर आणि दोन्ही सैन्यांच्या १९७८ पासूनच्या संयुक्त कमांडवर आहे. सोल सीमेपासून जेमतेम ५० किमीवर, उत्तरेच्या तोफांच्या टप्प्यात. म्हणजे अणुबॉम्बच्या आधीही राजधानी ओलीसच होती.

उत्तरेने २००६ ते २०१७ दरम्यान सहा अणुचाचण्या केल्या. २०१७ मध्ये अमेरिकेपर्यंत पोहोचू शकणाऱ्या आंतरखंडीय क्षेपणास्त्रांच्याही चाचण्या झाल्या आणि जुनीच शंका उफाळून आली: सोलसाठी अमेरिका आपले एखादे शहर पणाला लावील काय? १९७१ मध्ये अमेरिकेने तेथील सैन्याची एक डिव्हिजन मागे घेतली, तेव्हा दक्षिणेचे तत्कालीन अध्यक्ष पार्क चुंग-ही यांनी गुपचूप अणुबॉम्बची तयारी आरंभली होती. अमेरिकेने दबाव आणून ती थांबवली. ही युती दक्षिणेची ढाल आहे, तशी वेसणही.

एप्रिल २०२३ च्या वॉशिंग्टन जाहीरनाम्यातही हेच दिसते. दक्षिणेला अण्वस्त्रविषयक सल्लामसलतीत स्थान मिळाले, जुलैत अमेरिकी अण्वस्त्रधारी पाणबुडी बुसानला आली. मोबदल्यात सोलने स्वतःचा बॉम्ब न बनवण्याचे वचन पुन्हा दिले. अण्वस्त्रे वापरण्याचा निर्णय मात्र अमेरिकी अध्यक्षांच्याच हाती राहिला. जनमत चाचण्यांत बहुसंख्य दक्षिण कोरियन स्वतःच्या अण्वस्त्रांच्या बाजूने कौल देतात, हे त्यामुळे नवल नव्हे.

जपानही अमेरिकेचा मित्र. पण १९१०–४५ च्या वसाहतकाळाची कटुता असल्याने सोल आणि टोकियो यांच्यात संरक्षण करार नाही. ऑगस्ट २०२३ च्या कॅम्प डेव्हिड बैठकीत तिघांनी संकटकाळी सल्लामसलत करण्याचेच ठरवले. उत्तरेच्या बाजूला १९६१ चा चीनशी करार आहेच. जून २०२४ मध्ये रशियाशीही परस्पर लष्करी मदतीचा करार झाला.