फार्मस्टेड चीज

ज्या शेतावर गाई, शेळ्या किंवा मेंढ्या पाळल्या जातात, तिथेच आणि त्यांच्याच दुधापासून केलेले चीज. फ्रेंचमध्ये त्याला ‘फेर्मिए’ म्हणतात. आर्टिसनल चीजही लहान प्रमाणावर, बहुतांशी हातानेच होते. मात्र त्यासाठी दूध बाहेरून घेतलेले चालते. फरक किरकोळ वाटला तरी चवीचे मूळ त्यातच आहे.

कारखान्यात अनेक गोठ्यांचे दूध एकत्र होते, त्यातील स्निग्धांश ठरावीक पातळीवर आणला जातो आणि रोज तीच कृती चालते. शेतावर मात्र कृतीला दुधाच्या कलाने जावे लागते. चारा ओला की सुका, जनावर नुकते व्यालेले की आटत आलेले, यावर दुधाचा कस बदलतो. फ्रान्सच्या साव्वा (Savoie) प्रांतातील रेब्लोशाँ चीजचा शेतावरचा प्रकार दिवसातून दोनदा, धारोष्ण दुधापासूनच करतात. त्याच्यावर हिरवा बिल्ला असतो, तर डेअरीत केलेल्यावर लाल.

साधारण ३० ते ३२ अंश सेल्सिअस तापमानाच्या दुधात विरजण आणि मग रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारे विकर, घालतात. पारंपरिक रेनेट दूधपित्या वासराच्या जठराच्या चौथ्या कप्प्यातून मिळते. घट्ट झालेल्या दुधात सुरी घालून हलकेच उचलायची. चीर स्वच्छ फाटली आणि तिच्यात नितळ निवळी दिसली, की ते कापायची वेळ झाली. घड्याळापेक्षा इथे हाताची पारख महत्त्वाची. तुकडे जितके बारीक, तितकी निवळी अधिक सुटते आणि चीज कठीण होते. मग साचा, दाब, मीठ. एक किलो कठीण चीजला सुमारे १० लिटर दूध लागते.

खरे काम पुढेच असते, ते मुरवण्याचे. थंड, दमट तळघरात चीज आठवडे किंवा महिने राहते. ते उलटावे, पुसावे, घासावे लागते. सालीवरची बुरशी आणि जिवाणू त्या जागेचेच असतात. फ्रान्सच्या ओव्हेर्न्य भागातील सालेर चीज फक्त शेतावर, १५ एप्रिल ते १५ नोव्हेंबर या काळातच करतात. त्याचे कच्चे दूध ‘झेर्ल’ नावाच्या लाकडी पिंपात काढले जाते आणि लाकडावर वसलेले जिवाणूच दुधाला विरजण लावतात. लाकूड म्हणजे अस्वच्छता, ही समजूत इथे चुकीची ठरते.

१८५१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील रोम येथे जेसी विल्यम्सने शेजाऱ्यांचेही दूध घेऊन चीजचा कारखाना काढला आणि हे काम हळूहळू शेताबाहेर गेले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये सरकारने जवळजवळ सगळे चीजचे दूध एकाच प्रकारच्या कठीण चीजकडे वळवले. त्यात शेतावरचे अनेक जुने प्रकार मागे पडले.

कच्च्या दुधातून लिस्टेरियासारखे घातक जिवाणू येऊ शकतात. म्हणून अमेरिकेत कच्च्या दुधाचे चीज किमान ६० दिवस मुरवण्याचा नियम आहे. मऊ, ओलसर चीजमध्ये धोका अधिक. गरोदर स्त्रियांनी कच्च्या दुधाचे असे चीज टाळावे.